माझ्या तळहातावरचा अर्धा तुकडा

शिवऱ्याचं एक गिऱ्हाईक आहे माझं. विहिरीवरची मोटर जळली की ती टेम्पोत टाकून कापूरहोळला माझ्या दुकानात आणतो, आणि मी जळकी तार काढून नवी भरेपर्यंत बाकड्यावर बसून माझी फिरकी घेतो. तो बौद्ध, मी ख्रिस्ती. "काय रं, तुमचा येशू एक, बायबल एक, मग नवराबायकूची चर्चं दोन कशी?" मी म्हणतो, "तुमच्या आळीत जयंतीच्या मिरवणुका दोन कशा?" मग तो मांडीवर थाप मारून हसतो, मीही हसतो, आणि चहा सांगितला जातो. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय. गेल्या वर्षापासून मात्र त्यानं हा प्रश्न काढला की मी मोटरीत तोंड खुपसून बसतो. त्यालाही ते कळलं असावं, हल्ली तो पावसापाण्याचं बोलतो.

आमचं घर असं आहे. मी प्रॉटेस्टंट, आजोबांपासूनचा. आमची मंडळी नसरापूरला एका दुकानाच्या वरच्या खोलीत दर रविवारी जमते. बायको कॅथलिक, माहेर नगरकडचं. वेल्ह्याला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, एसटीनं जाते-येते. म्हणून राहायला नसरापूर. मला कापूरहोळ जवळ, तिला वेल्ह्याची गाडी दारातून. घरात आम्ही दोघं, माझी आई आणि आमची एकुलती एक लेक. भोरमध्ये कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी, बँकेत बदलून आलेलं एखादं, केरळच्या दोघीतिघी नर्सबाया, एक मास्तरीण. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा पुण्याहून फादर येतात आणि एका हॉलमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, होते. त्या रविवारी आम्ही सगळे भोरला, बाकीच्या रविवारी सगळे माझ्या मंडळीत. लग्न झाल्यापासून हीच वहिवाट. कुणी कुणाला घरी ठेवून गेलं नाही, एवढं मी छाती पुढं काढून सांगतो.

लग्नाच्या वेळी फादरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं होतं. होणारी लेकरं कॅथलिक श्रद्धेत वाढवीन, असं वचन तिनं द्यायचं होतं. माझ्याकडून वचन नको होतं, तिनं असं वचन दिलंय हे मला ठाऊक आहे एवढंच हवं होतं. मी म्हटलं, "ठाऊक आहे." न झालेल्या लेकरांचं काय जातंय म्हणायला! तेव्हा माझं सगळं लक्ष बायकोच्या कानातल्या डुलांकडं होतं.

लेक झाली. तिचा बाप्तिस्मा कॅथलिक झाला. माझी आई त्या दिवशी तोंड एवढंसं करून बसली होती, पण लेकीला मांडीवर घेतल्यावर विरघळली. पोरगी बोलायला लागली तशी दोन्हीकडचं शिकत गेली. जेवणाआधी आमच्यात प्रभूची प्रार्थना होते. कॅथलिक ती जिथं संपवतात त्याच्यापुढं आमच्यात आणखी एक ओळ आहे, राज्य आणि गौरव देवाचं आहे असं म्हणणारी. लेक आईबरोबर आईच्या जागी थांबायची, आईला कपाळापासून क्रूसाची खूण करू द्यायची, आणि मग माझ्याकडं बघून ती उरलेली ओळ माझ्याबरोबर म्हणायची. माझी आई कौतुकानं म्हणायची, "बघा, शेपूट बापासाठी ठेवलंय पोरीनं." त्या ओळीला मी किती जीव लावून बसलो होतो, ते ती बंद झाल्यावर कळलं.

आता प्रभुभोजनाचं सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच अडकलंय. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. माझी आई आदल्या दिवशी पावाच्या कडा काढून त्याचे बारीक तुकडे करते. ते तुकडे स्टीलच्या ताटात घालून ताट ओळीनं फिरतं. ज्याच्याकडं येईल त्यानं एक तुकडा घ्यायचा आणि ताट शेजाऱ्याला द्यायचं. लगेच कुणी खात नाही. सगळ्यांच्या हातात आलं की मंडळी चालवणारे आमचे वडीलबुवा म्हणतात, "घ्या, खा," आणि सगळे एकदम खातात. मला यातलं ते थांबणंच फार आवडतं. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीसाठी सगळी खोली हातात घास धरून थांबलेली असते.

आम्ही बसतो ते असं, मी, मधे लेक, पलीकडं बायको. मी तुकडा घेतो आणि ताट लेकीकडं देतो. लेकीला घेता येत नाही. आमच्यात मोठं होऊन मंडळीपुढं स्वतःच्या तोंडानं कबुली दिल्याशिवाय कुणाला तो तुकडा मिळत नाही. ती दोन्ही हातांनी ताट धरायची, जीभ दातात पकडून, सांडू नये म्हणून, आणि आईकडं द्यायची. बायको ते तसंच पुढं द्यायची. आमचे वडीलबुवा तिला नको म्हणत नाहीत, पण तिच्या चर्चचा नियम तिला आमच्यातलं घेऊ देत नाही. भोरला उलटं, कॅथलिक नसलेल्याला देत नाहीत. तिथं बायको रांगेत जायची, आणि मी लेकीला घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहायचो. म्हणजे एकीकडं मी खायचो, एकीकडं ती खायची, आणि पोरगी दोन्हीकडं उपाशी. असं बघा, आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तिला वाटत होतं.

"पप्पा, मला कधी?" ती विचारायची.

"आपल्या मंडळीत मोठी झाल्यावर. मम्मीच्या चर्चमध्ये लवकर असतं."

"मग तिथं मला मिळालं की झालं," ती म्हणाली होती. मी म्हटलं, हो, झालं. तिला काय म्हणायचंय हे मी विचारलं नाही. पोरं काहीबाही बोलतात.

तिच्या पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे त्यांच्यातल्या पहिल्या प्रभुभोजनाचं, ठरलं तेव्हा कॉन्व्हेंटच्या एक सिस्टर शनिवारी शनिवारी भोरला शिकवायला यायच्या. बायकोची शनिवारी ड्युटी. मग लेकीला घेऊन कोण जाणार? मी! दुकानाला कुलूप लावून, गाडीवर पुढं दप्तर आणि मागं पोरगी, कापूरहोळवरून भोर. जो बाप त्या भाकरीला हात लावू शकत नाही तोच लेकीला तिच्यासाठी तयार करायला नेतो, हे माझं मलाच हसू यायचं. वाटेत मी तिचा अभ्यास घ्यायचो. वाऱ्यात ओरडून विचारायचो, "कम्युनियनमध्ये आपण कुणाला घेतो?" ती मागून ओरडायची, "प्रभू येशूला!" शेजारनं जाणारा ट्रकवाला डोकं बाहेर काढून बघायचा. फार चांगले दिवस होते ते, खरंच.

शेवटी शेवटी सिस्टरांनी सरावासाठी साध्या, मंतरलेल्या नसलेल्या, गव्हाच्या पातळ चकत्या दिल्या. मंतरलेल्या म्हटलं की बायको चिडते. "अहो, मंत्र काय, काही तरीच! अर्पण न केलेल्या म्हणा." तर त्या चकत्या. डाव्या हाताचा तळवा वर, खाली उजवा हात, आमेन म्हणायचं, तिथंच उभं राहून तोंडात घालायची. लेकीनं त्या घरी आणल्या आणि जेवणाच्या ताटात ठेवून घरभर फिरवल्या. एक माझ्या हातात, एक आईच्या, एक आजीच्या. "अजून खायचं नाही हां," ती दटावून म्हणाली. मग स्वतः घेतली, आमच्या वडीलबुवांसारखा घसा खाकरला आणि म्हणाली, "घ्या, खा." आम्ही चौघांनी एकदम खाल्ली.

"पापडावानी हाय की गं," माझी आई म्हणाली. "बिनमिठाचा." सगळे हसलो. बायकोही हसली. तिनं फक्त म्हटलं, "खऱ्या दिवशी असं नसतं बरं का बाळा," आणि भाकऱ्या टाकायला उठली. लेकीनं मान डोलावली.

तो रविवार उजाडला. तिचा पांढरा झगा बायकोनं पुण्यात शिवून घेतला होता. आई म्हणाली, "म्या येत न्हाई, माजं गुडघं दुखत्यात." गुडघे बाजारात जायला दुखत नाहीत. तिनं मटण चढवायची तयारी मात्र सकाळीच करून ठेवली होती.

हॉलमध्ये दोनच मुलं होती, आमची आणि बँकवाल्यांचा मुलगा. फादर भले माणूस, मुलांशी फार गोड बोलले. वेळ झाली. लेक पुढं, तिच्यामागं बायको. मी खुर्चीतच. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचे शरीर." लेक खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन." चकती तिच्या तळव्यावर ठेवली गेली. ती वळली. मला वाटलं खाल्ली. फादरांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते एव्हाना मागं उभ्या बायकोकडं वळले होते.

लेक सरळ माझ्याकडं आली. मूठ मिटलेली. चेहरा असा फुललेला की मी काही न समजता हसलो. तिनं मूठ उघडली, दोन बोटांत चकती धरली आणि मोडली. कडकन आवाज आला. एवढ्याशा वस्तूचा एवढा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं. अर्धा तुकडा तिनं माझ्या तळहातावर ठेवला, अर्धा आपल्या हातात धरला आणि कुजबुजली, "अजून खायचं नाही हां. मम्मी येऊ दे. एकदम खाऊ."

माझे हात कितीही धुतले तरी मोटरीच्या व्हार्निशचे डाग जात नाहीत. त्या काळ्या-तांबड्या तळव्यावर तो पांढरा तुकडा. हॉलमधलं गाणं थांबलं होतं की मलाच ऐकू येईना झालं होतं, सांगता येत नाही. एक नर्सबाई मोबाईलवर शूटिंग करत होती, तिनं मोबाईल खाली घेतला. सिस्टर अर्ध्या उठल्या. फादर हातातलं भांडं तसंच धरून माझ्याकडं बघत होते. आणि बायको परत येत होती. तिनं माझा हात पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या तोंडात ख्रिस्तप्रसाद होता, तिला बोलताही येईना. ती नुसती मान हलवत होती, नको, नको.

खरं सांगतो, मला तो खायचा होता. माझ्या मंडळीत तो पाव पावच असतो, प्रभूची आठवण म्हणून आपण खातो. बायकोच्या श्रद्धेत तो प्रभूच असतो. त्या क्षणी मला यातलं काहीच सुचत नव्हतं. माझ्या लेकीनं तिच्या आयुष्यातला पहिला घास मोडून मला दिला होता, आणि मला तो हवा होता. इतकी भूक मला कधी लागली नव्हती. खाल्ला असता तर लेक नाचली असती. आणि बायकोला त्या हॉलमध्ये पुन्हा मान वर करता आली नसती.

मी तो तुकडा लेकीच्या तोंडाशी नेला. "खा बाळा. हे तुझं आहे."

"आणि तुमचं?"

"माझं नाही हे."

"मी दिलं ना पण."

"माझं नाही बाळा. खा."

तिनं तोंड उघडलं. एक अर्धा मी घातला, दुसरा तिनं घातला. ती रडली नाही. माझ्याकडं बघत चावत राहिली. बायको येऊन माझ्यापुढं गुडघ्यावर बसली, माझा हात तिनं उजेडाकडं धरला, आणि बोट ओलं करून माझ्या तळव्यावरचा कण न् कण टिपून स्वतःच्या तोंडात घातला. चारचौघांत तिनं माझा हात कधी धरलेला मला आठवत नाही. तिचे डोळे वाहत होते. माझ्यावर रागावून की माझी कीव येऊन, मी अजून विचारलेलं नाही.

मिस्सेनंतर फादर बाहेर आले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मन मोठं आहे तुझं. पण प्रसाद तिथंच खायचा असतो, हं?" मग माझा खांदा थोपटून म्हणाले, "तुम्ही अगदी योग्य ते केलंत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "योग्य केलं हे मला माहीत आहे, फादर," मी म्हटलं. "म्हणून तर जीव जळतोय." त्यांनी खांद्यावरचा हात काढला नाही. मग म्हणाले, "माझ्याही हातात नसतं हो सगळं." बिचाऱ्यांवर ओरडून तरी मला काय मिळणार होतं?

घरी आईनं लेकीला जवळ ओढलं. "कसं लागलं गं?"

"त्या दिवशीसारखंच," लेक म्हणाली आणि झगा बदलायला आत गेली. झाला प्रकार मी आईला सांगितला. आईच्या कपाळावर आठ्या चढल्या. "बघ! लेकरानं हातावर दिलेलं खाऊ देत न्हाईत. असला कसला धरम म्हणायचा त्यो?"

"आणि आपण?" मी म्हटलं. "आपण देतो का तिला? तू स्वतःच्या हातानं पाव कापतेस. एक तुकडा दिलास कधी नातीला?"

"आपल्यात मोठं झाल्याबिगर न्हाई देत."

"तेच म्हणतोय मी."

आई मटण वाढायला उठली. मटण सगळ्यांनी खाल्लं, चांगलं झालं होतं. त्या संध्याकाळी जेवणाआधीची प्रार्थना बायकोच्या जागी संपली. लेकीनं क्रूसाची खूण केली. मी थांबलो. तिनं ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागली. आजीनं टोकलं, "आन् बापाचं शेपूट?" लेक म्हणाली, "ते पप्पांचं आहे." मग मी एकट्यानंच ती ओळ म्हटली. माझा आवाज मलाच परका वाटला.

मी मनाची समजूत घातली, पोर आहे, विसरेल. शनिवारच्या फेऱ्याही संपल्या होत्या, गाडीवरचं ओरडणंही संपलं. आमच्या वडीलबुवांना मी दुकानातून फोन केला, पोरीला लवकर नाही का घेता येणार म्हणून. ते म्हणाले, "अरे, तिची कबुली तिनंच द्यायची, तू कशी देणार?" बरोबरच होतं त्यांचं. या सगळ्यात चुकीचं कुणीच बोलत नाही, हेच मला खायला उठतं. एक जरी माणूस वाईट निघाला असता तर त्याला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. नसरापूरच्या खोलीत आम्ही नेहमीसारखे बसलो, मी, लेक, बायको. आईनं कापलेल्या पावाचं ताट फिरत फिरत आमच्या ओळीत आलं. मी तुकडा घेतला आणि ताट लेकीपुढं धरलं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते.

"धर बाळा," मी हळूच म्हटलं.

तिनं मान हलवली.

"अगं घ्यायचं नाही तुला. नुसतं मम्मीकडं दे. नेहमी देतेस ना?"

ती माझ्याकडं वळली. चेहऱ्यावर ना राग ना रुसवा. मी तिला शिकवलेलं मलाच समजावून सांगावं तशी ती म्हणाली, "माझं नाही ते, पप्पा."

पुढच्या बाकावरून माझ्या आईनं वळून पाहिलं. ताट माझ्या हातात तसंच. मागची ओळ थांबली होती. शेवटी बायकोनं पलीकडून हात लांबवला, मीही लांबवला. ताट मधून जावं म्हणून लेकीनं मान खाली घातली, आणि आम्ही ते तिच्या डोक्यावरून एकमेकांना दिलं.

ताट पुढं गेलं. शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. वडीलबुवा म्हणाले, "घ्या, खा." सगळ्यांनी एकदम खाल्लं. माझा तुकडा मुठीतच राहिला.